जुना ड्रमसेट कोणत्या सालचा, हे कसं ओळखायचं?

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात जुने ड्रमसेट अजूनही निघतात. बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या पोटमाळ्यावर, चर्चच्या हॉलमागच्या खोलीत, चेंदणी कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या बँड वाजवणाऱ्या घरात, कोपरखैरण्याच्या एखाद्या बैठ्या घराच्या लॉफ्टवर. १९९१ पूर्वी परदेशी वाद्यं आणणं सोपं नव्हतं. आयातीवर बंधनं होती आणि जकातही जबर. त्यामुळे तेव्हा जो सेट इकडे पोचला तो वर्षानुवर्षं हातोहात फिरला. ऑर्केस्ट्रा पार्टी बदलली की रंग बदलला, एखादा टॉम (सेटमधला मधल्या आकाराचा ड्रम) फुटला की दुसऱ्या सेटचा टॉम त्याजागी आला, लग (ड्रमच्या अंगावरचा, ताण देणारा रॉड अडकवायचा धातूचा तुकडा) तुटला की लोहाराकडून घडवून घेतला. इथे हाती लागणारा सेट बहुतेक वेळा दोन-तीन सेटचा मिळून झालेला असतो.

म्हणून पहिलाच नियम सांगतो. अख्ख्या सेटला एक साल चिकटवायची घाई करू नका. प्रत्येक ड्रम सुटा धरा, त्याचं साल वेगळं काढा आणि शेवटी सगळी सालं शेजारी ठेवून पाहा. दुसरा नियम: एका खुणेवर कधीच विसंबू नका. बॅज बदलता येतो, रंग बदलता येतो, हार्डवेअर तर सगळ्यात आधी बदललं जातं. तीन वेगवेगळ्या खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच तो काळ लिहायचा.

हात लावण्याआधी

सेट घरी आला की पहिला मोह होतो तो पुसून चकचकीत करण्याचा. तो आवरा. आहे त्या अवस्थेत, धूळ-जाळ्यांसकट फोटो काढा. प्रत्येक ड्रम चारही बाजूंनी, बॅज जवळून, प्रत्येक स्टँडचा पाय, पॅडलचा तळ, सिंबलच्या (झांजेसारख्या तबकडीच्या) दोन्ही बाजू. ज्यांच्याकडून सेट घेतला त्या काका-मावशींना विचारा की तो कोणी वाजवला, कोणत्या पार्टीत वाजला, कुठून आणला होता. घरात कार्यक्रमाचे जुने फोटो असतील तर मोबाइलवर त्यांची प्रत मागून घ्या. फोटोत मागे ओळखीची वास्तू दिसली तरी साल आवळता येतं. गडकरी रंगायतनचा रंगमंच दिसत असेल तर तो फोटो १९७८ नंतरचा, कारण रंगायतन त्या साली सुरू झालं.

बेस ड्रमच्या पुढच्या हेडवर (ताणलेल्या पडद्यावर) पार्टीचं नाव रंगवलेलं असेल तर ते हेड काढून जपून ठेवा. फाटलेलं असलं तरी टाकू नका.

आता मोजमाप

व्यास मोजताना हूप (हेड दाबून धरणारं कडं) सोडून शेलचा (ड्रमच्या पोकळ अंगाचा) मोजायचा, खोली मोजतानाही शेलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मापं इंचात लिहा, कारण सगळे जुने कॅटलॉग इंचात आहेत. एक लक्षात ठेवा, जुन्या अमेरिकन कॅटलॉगात खोली आधी आणि व्यास नंतर लिहायची पद्धत होती. त्यामुळे ‘१४ × २२’ म्हणजे २२ इंची बेस ड्रम, १४ इंच खोल.

मापांवरून काळाचा ढोबळ अंदाज येतो. साठ आणि सत्तरच्या दशकांत टॉम साधारण १२ इंच व्यासाला ८ इंच खोल आणि १३ ला ९ असे असत. ऐंशीच्या दशकात टॉम खोल करायची टूम आली, तेव्हा १२ ला १० आणि १३ ला ११ अशी मापं दिसू लागली. खोल टॉम मिळाला आणि विकणारा ‘साठ सालचा आहे’ म्हणत असेल तर तिथेच थांबा.

आपल्याकडे सगळ्यात उपयोगी पडणारी मापाची खूण ब्रिटिश ड्रमांची आहे. लेस्टरच्या प्रीमियर कंपनीचे जुने ड्रम आजच्या आंतरराष्ट्रीय मापापेक्षा किंचित मोठे असत. १९६८च्या आसपास त्यांनी माप बदललं. जुन्या मापाच्या १२ इंची प्रीमियर टॉमवर आज बाजारात मिळणारं १२ इंची हेड बसतच नाही, शेलच्या कडेवर अडकतं. धोबीतलावहून नवं हेड आणून ते बसेना म्हणून माणूस वैतागतो, पण त्या न बसण्यातूनच ड्रमचं वय कळतं. अशा वेळी कानस घेऊन शेल घासायला बसू नका. लाकूड एकदा गेलं की परत येत नाही. जुन्या मापाची हेडं बनवून देणारे कारागीर आणि कंपन्या आहेत.

बॅज: काय सांगतो आणि काय लपवतो

बॅज म्हणजे हवेच्या भोकावर ठोकलेली धातूची पाटी. अनेक बॅजच्या मधोमध पितळी ग्रोमेट (भोकात बसवलेली कडी) असतो, त्याच्याच आधाराने बॅज शेलला धरून राहतो. ग्रोमेटची आतली कड नीट गोल उलटलेली असेल तर बॅज बहुधा मूळचा. कड चेपलेली, फाटलेली किंवा तिथे डिंकाचा थर दिसत असेल तर बॅज कधीतरी काढून परत लावलाय असं समजा.

अमेरिकन लुडविग कंपनीचा इतिहास जाणून घेतलात तर त्यांचे ड्रम वाचायला सोपे जातात. विल्यम लुडविग यांच्या हातून स्वतःचं नाव गेलं होतं. त्यांनी १९३७ मध्ये डब्ल्यू.एफ.एल. नावाने नवी कंपनी काढली आणि १९५५ मध्ये कॉन कंपनीकडून ‘लुडविग’ हे नाव परत विकत घेतलं. म्हणून डब्ल्यू.एफ.एल. बॅजचा ड्रम म्हणजे साधारण तो मधला काळ. त्यानंतर आला तो कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचा प्रसिद्ध कीस्टोन बॅज. १९६३च्या उत्तरार्धात या बॅजवर नंबर छापायला सुरुवात झाली, त्याआधीच्या कीस्टोनवर नंबर नसतो. १९६९च्या सुमारास निळ्या आणि ऑलिव्ह रंगाचा बॅज आला. तो आधी टोकदार कोपऱ्यांचा होता, सत्तरचं दशक संपताना कोपरे गोल झाले.

नंबराबद्दल सावधगिरीची गोष्ट. लुडविगचे नंबर तारखेच्या क्रमाने लागलेले नाहीत. कारखान्यात बॅज हाताला येईल तसा घेऊन लावला जायचा, त्यामुळे मोठ्या नंबराचा ड्रम लहान नंबराच्या ड्रमच्या आधी बनलेला असू शकतो. इंटरनेटवर नंबरावरून साल सांगणारे तक्ते मिळतात. त्यांच्यावरून दोन-तीन वर्षांचा पट्टा काढा, त्याहून नेमकं काही काढू नका.

१९६४च्या ९ फेब्रुवारीला बीटल्स अमेरिकेच्या दूरदर्शनवर झळकले आणि रिंगोच्या बेस ड्रमवरचं लुडविग नाव लाखो घरांत पोचलं. पुढची काही वर्षं कारखाना अहोरात्र चालला. मधल्या साठच्या दशकातले लुडविग ड्रम त्यामुळेच जगभर आढळतात. म्हणजे कीस्टोन बॅज दिसला तरी हुरळून न जाता बाकीचं तपासा.

अमेरिकेच्याच ग्रेच कंपनीचा गोल बॅज १९७१च्या सुमारापर्यंत चालला. त्यानंतर दशकभर अष्टकोनी बॅज होता, त्याला संग्राहक ‘स्टॉप साइन’ म्हणतात. पण ग्रेचने गोल बॅज नव्या ड्रमांवर पुन्हा आणला आहे, तसाच लुडविगनेही कीस्टोन पुन्हा आणला आहे. नुसत्या बॅजच्या आकारावर पैसे मोजणाऱ्याचं त्यामुळे नुकसान होतं. स्लिंगरलँडच्या बॅजवर ‘शिकागो’ की ‘नाइल्स’ ते पाहा. नाइल्स असेल तर ड्रम १९६०च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. रॉजर्स १९६६ मध्ये सी.बी.एस.ने घेतली आणि काम पुढे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला गेलं, म्हणून फुलर्टन लिहिलेला रॉजर्स त्यानंतरचा. जपानी नावांत यामाहाचे ड्रमसेट १९६७ पासून आहेत. टामा हे नाव १९७४ पासूनचं, त्याआधी त्याच घराण्याचे ड्रम ‘स्टार’ नावाने येत. टामा लिहिलेला ड्रम कोणी १९७० चा म्हणून दाखवला तर वाद घालायची गरज नाही, पुढच्या दुकानात जा.

साठच्या दशकातले कितीतरी जपानी सेट अनोळखी नावांनीही विकले जात. कारखाना एकच, बॅज दुकानदाराच्या मागणीप्रमाणे. अशा सेटांची शेल बहुधा हलक्या तांबूस लाकडाची, आतून कडांना पट्ट्या मारलेली असतात. त्यांना कमी लेखू नका. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी याच सेटांवर वर्षानुवर्षं कार्यक्रम केले आहेत.

हेड उतरवा आणि आत बघा

इथे वेळ द्या. शेलचा आतला भाग म्हणजे ड्रमचा सातबारा. बाहेरून कितीही फेरफार झाले तरी आत सहसा कोणी हात लावत नाही.

ड्रमच्या चावीने समोरासमोरचे रॉड थोडेथोडे ढिले करत हेड उतरवा. एक बाजू पूर्ण सोडली आणि दुसरी ताणलेलीच ठेवली की जुना हूप वाकतो. प्रत्येक रॉड, वॉशर आणि हूप त्या ड्रमच्या नावाच्या पिशवीत ठेवा. दोन ड्रमांचे रॉड एकत्र मिसळले की नंतर कोणते मूळचे हे कळायला मार्ग उरत नाही. रॉड चुडीत (आट्यांत) जाम वाटला तर जोर लावू नका, सगळ्या देशांच्या चुड्या एकसारख्या नसतात.

आता कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. ओला फडका, थिनर, रॉकेल यातलं काहीही आत लावू नका. लुडविगच्या साठच्या दशकातल्या पुष्कळ ड्रमांत लाल शाईत तारखेचा शिक्का असतो. तो पुसट होतो, आणि ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्यात जातो. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च शेलच्या भिंतीलगत आडवी धरा आणि प्रकाश तिरका पडू द्या. सरळ प्रकाशात न दिसणारे आकडे, पेन्सिलीच्या रेघा, कामगाराच्या खुणा अशा प्रकाशात उठून येतात. मग मोबाइलने फोटो काढून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवा. शिक्का सापडला तर एवढं नक्की की त्या दिवशी शेल कारखान्यात होतं. सेट जोडला गेला तो काही आठवडे किंवा महिने नंतर.

शिक्का नसला तरी रंगावरून वाट काढता येते. लुडविगच्या शेलांना आतून पांढरा रंग असेल तर पन्नासच्या दशकाची अखेर ते १९६१च्या आसपास. करड्या ठिपक्यांचा रंग, ज्याला ते रेझाकोट म्हणत, असेल तर १९६१ ते १९६८. त्यानंतर आत उघडं मेपल लाकूड, वर फक्त पारदर्शक थर. १९७६च्या सुमारापर्यंत शेल तीन थरांचं आणि कडेला आतून लाकडी कडं. त्यानंतर सहा थर आणि कडं नाही. ग्रेचचं आतलं रूप एकदा पाहिलं की विसरत नाही, आतून चंदेरी रंग. प्रीमियरची जुनी शेल पातळ बर्चची, कडांना बीचचं कडं.

थर मोजायचे तर शेलची कड आणि हवेचं भोक दोन्ही पाहा. भोकाच्या भिंतीवर थर सगळ्यात स्वच्छ दिसतात.

आत असतानाच भोकंही मोजा. कारखान्यात पाडलेल्या भोकाची कड सुबक असते आणि तिचा रंग आतल्या लाकडाइतकाच जुना दिसतो. नंतर पाडलेल्या भोकाला ताजं फिकट लाकूड, उडालेले थर, कधी पुट्टीचा गोळा असतो. बेस ड्रमवर टॉम होल्डरच्या दोन जोड्यांची भोकं असतील तर त्या ड्रमने आयुष्यात दोन वेगळे होल्डर पाहिलेत.

चुंबक, लग आणि हूप

खिशात एक छोटं चुंबक ठेवा. ते पोलादाला चिकटतं, पितळेला आणि जस्ताच्या ओतीव भागांना चिकटत नाही. लुडविगचे साठच्या सुरुवातीचे हूप पितळी होते, नंतर पोलादी झाले. एकाच ड्रमवर वरचा हूप पितळी आणि खालचा पोलादी निघाला तर एक बदललेला आहे. निकेलची झाक पिवळसर असते, क्रोमची निळसर. दोन्ही शेजारी धरली की फरक लगेच कळतो.

आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत गंज खूप काही सांगतो. पोलाद तांबूस गंजतं, पितळेवर हिरवट थर चढतो. लुडविगच्या सुप्राफोनिक स्नेअरवर (खाली तारा लावलेल्या ड्रमवर) क्रोमला फोड येऊन पांढरी भुकटी दिसली तर आतला धातू ॲल्युमिनियम. असे फोड या स्नेअरवर नेहमीच येतात, त्यावरून ड्रम नकली ठरवू नका.

लगचा आकारही बोलतो. थेंबासारखे लग आणि चावीऐवजी स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायच्या खाचेचे रॉड असतील तर जर्मन सोनर असण्याची दाट शक्यता. रॉजर्सच्या गोळ्यासारख्या सांध्याच्या होल्डरला स्विव्होमॅटिक म्हणतात, तो दिसला की रॉजर्सच्या बाजूने विचार सुरू करा. पण पुन्हा सांगतो, होल्डर सहज बदलता येतो.

रॅप आणि रंग

शेलवरच्या चकाकत्या थराला रॅप म्हणतात. एखादा लग काढून त्याच्या खाली पाहा. वर्षानुवर्षं झाकलेला तो भाग मूळचा रंग दाखवतो. बाहेर करडा पडलेला रॅप लगखाली निळा निघतो, पांढरा मोती बाहेर मधासारखा पिवळा झालेला असतो. लगखाली आणि बाहेर रंग अगदी सारखाच असेल तर रॅप नवा असण्याची शक्यता धरा. आपल्याकडे सनमायका, रेक्झिन, गाड्यांवर लावायचं स्टिकर असं काहीही चिकटवलेलं मिळतं. ते लगेच ओरबाडू नका. खाली मूळ रॅप शाबूत असू शकतो.

जुन्या सेल्युलॉइड रॅपच्या जवळ हीट गन, सोल्डरिंग आयर्न, उदबत्ती काहीही नको. तो फार पटकन पेट घेतो.

सिंबल आणि हेड

ड्रमांपेक्षा सिंबल सहज बदलतात, म्हणून त्यांचं साल सेटचं साल धरू नका. तरी खालची सीमा त्यातून मिळते. सेबियन कंपनी १९८१ मध्ये निघाली, तेव्हा सेबियन सिंबल त्याआधीची असूच शकत नाही. पायस्टे कंपनीच्या सिंबलवर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून नंबर आहेत आणि त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो. ५ ने सुरू होणारा नंबर १९७५ चा किंवा १९८५ चा, ते मॉडेल आणि लोगो पाहून ठरवायचं. झिल्जियन कंपनीच्या सिंबलवर शिक्का फक्त धातूत ठोकलेला आणि शाईचा लोगो कुठेही नसेल तर ती बरीच जुनी असू शकते. मात्र शाई पॉलिशने निघूनही जाते.

प्लॅस्टिकची हेडं १९५७च्या सुमारास बाजारात आली, त्याआधी वासराचं कातडं. कातडी हेड असलं म्हणून ड्रम त्याआधीचा ठरत नाही, कारण कातडं पुढेही वापरात राहिलं.

एक सेट उलगडून पाहू

चरईतल्या एका घरातून निघालेला प्रीमियर सेट माझ्याकडे तपासायला आला होता. घरच्यांच्या मते सगळा सेट आजोबांनी एकदमच घेतलेला. वरून सगळ्यावर सारखाच लाल रंग. टॉमवर १२ इंची हेड बसेना, बेस ड्रमवरही २० इंची हेड अडकलं, म्हणजे हे दोन्ही जुन्या मापाचे, साधारण १९६८ पूर्वीचे. फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या टॉमवर) मात्र १६ इंची हेड सहज बसलं. त्याचा लग काढला तर लाल रंगाखाली काळा रॅप, आणि टॉमच्या लगखाली चंदेरी चमकीचा रॅप. दोन वेगळे सेट, वरून एकच रंग मारलेला. हाय-हॅटची, म्हणजे पायाने वाजवायच्या सिंबलची, जोडी सेबियनची, म्हणजे १९८१ नंतरची.

मग आजोबांच्या अल्बममधला रंगायतनमधला फोटो पाहिला. त्यात तिन्ही ड्रम होते, पण एकाचाही रंग लाल नव्हता. म्हणजे लाल रंग १९७८ नंतर कधीतरी मारला गेला. नोंदीत मी लिहिलं: बेस ड्रम आणि टॉम, प्रीमियर, १९६८ पूर्वी, फ्लोअर टॉम, प्रीमियर, १९६८ नंतर, हाय-हॅट, १९८१ नंतर, रंग, १९७८ नंतर. घरच्यांना ‘एकदमच घेतला’ ही आठवण सोडावी लागली, पण आजोबांनी ड्रम जमवत जमवत सेट उभा केला हे कळल्यावर त्यांना त्याचं जास्तच कौतुक वाटलं.

नोंद कशी लिहायची

एका कागदावर ड्रमाप्रमाणे रकाने करा: मापं, बॅज, नंबर, आतला रंग, थर, शिक्का, हूपचा धातू, भोकं, रॅप. प्रत्येक रकान्यापुढे त्या खुणेवरून निघणारा काळ लिहा. जिथे सगळे काळ एकमेकांवर येतात तो त्या ड्रमचा काळ. एखादी खूण बाहेर पडत असेल तर तो भाग बदललेला मानून त्यापुढे तसं लिहा. मग त्या कंपनीच्या त्या वर्षांच्या कॅटलॉगच्या स्कॅन केलेल्या प्रती शोधा आणि मापं, रॅप, लग ताडून पाहा. विकताना ‘१९६४’ असं ठोकून न सांगता ‘१९६४ ते १९६७’ असं सांगा आणि पुराव्याचे फोटो द्या. समजणारा गिऱ्हाईक यालाच जास्त मान देतो.

नोंदीचा कागद शेलच्या आत चिकटवू नका, डिंकाने शिक्के खराब होतात. पाकिटात घालून केसमध्ये ठेवा. आणि ठाण्यात राहत असाल तर जून लागण्याआधी सेट भिंतीपासून हातभर लांब, फळीवर, सुती चादरीखाली ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलं की आत ओल कोंडते, बुरशी शिक्क्यांवर चढते आणि रॅपचा सांधा सुटतो. प्रत्येक ड्रममध्ये सिलिका जेलची पिशवी टाका, पावसाळाभर अधूनमधून ती बदला, आणि हेडं पूर्ण उतरवण्याऐवजी हलक्या ताणावर बसवून ठेवा, म्हणजे शेलचा गोल आकार टिकतो.